चाळीसच्या सुईला दहाचा रेझिस्टर

(मखमलाबादची गुलाबाची नर्सरी, जानेवारीतली सकाळ. बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करून रिटायर झालेले रंगनाथ दुशिंग येऊन पाऊण तास झाला, पण गाडी काही मुद्द्यावर यायला तयार नाही. समोर सृष्टी खुंटांवर गुलाबाचे डोळे भरत बसली आहे. तीन वर्षांपूर्वी ती त्याच प्रयोगशाळेत प्रतिभा मॅडमच्या हाताखाली संशोधन करत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. रंगनाथांना चार दिवस अन्न गोड लागलेलं नाही, आणि अख्ख्या नाशकात हे ओझं उतरवायला त्यांना ही एकच जागा सुचली आहे.)

सृष्टी: काका, थंडी झाली, दिंडोरीची द्राक्षं झाली, तुमचे गुडघेसुद्धा झाले. आता खरं कशाला आलात ते सांगा.

रंगनाथ: तुझा हात बघत होतो. डोळा काढतीस, खुंटाला चीर देतीस, आत बसवून पट्टी बांधतीस. सालीला म्हणून कुठं इजा नाय. दिवसाला किती भरतीस?

सृष्टी: चारशे-साडेचारशे. बाबा आठशे भरतात. विषय बदलू नका.

रंगनाथ: विषय हाच हाय, पोरी. या हाताला मॅडम जड म्हणायच्या.

सृष्टी: जुनं झालं ते.

रंगनाथ: मी तिथंच उभा असायचो. "सृष्टी, पेशीत सुई घालतेस की खुरपं?" असं म्हणल्या होत्या एकदा. अख्खी लॅब हसली. मीबी हसलो.

सृष्टी: तुम्ही हसला नव्हतात. तुम्ही खाली वाकून प्लगमध्ये काहीतरी शोधत होतात.

रंगनाथ: तुला आठवतं व्हय ते?

सृष्टी: मला सगळं आठवतं. चहा टाकू का?

रंगनाथ: नको. आधी मॅडमचा निरोप सांगतो, त्यांनीच धाडलंय मला. डिसेंबरात लॅबला नवा अ‍ॅम्प्लिफायर आला. समर्थ म्हणून एक पोरगा हाय आता तुझ्या जागेवर. त्यानं लासलगावचा कांदा आणला, आतली पातळ साल काढली, पेशीत काचेची सुई घातली, तर पहिल्याच दिवशी शंभर मिलिव्होल्ट. चाळीत सडायला लागलेल्या कांद्याचे साठ. मॅडमनी तुझी वही काढली. तुझे आकडे अन् त्याचे आकडे, सख्ख्या भावंडांसारखे!

सृष्टी: माझी वही अजून आहे?

रंगनाथ: हाय तर. मॅडमचा चेहरा बघायला पायजे होतास तू. म्हणल्या, "रंगनाथभाऊ, तीन वर्षांपूर्वी एकट्या मुलीनं हे काढून ठेवलं होतं आणि आपण तिला जाऊ दिलं." सोमवारी पेपर पाठवतात. पहिलं नाव तुझं. अन् यायचं असलं तर जागा मोकळी हाय... का गं? हातातला चाकू का ठेवलास?

सृष्टी: काही नाही. तुम्ही बोला.

रंगनाथ: मला वाटलं, तू हसशील.

सृष्टी: अजून काहीतरी आहे ना? एवढ्या निरोपाला फोन पुरला असता.

रंगनाथ: हाय. कसं सांगू... हे बघ. या पुडीत बघ.

सृष्टी: रेझिस्टर आहे.

रंगनाथ: दहा मेगओहमचा. तुझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी लावलेला होता. आतल्या अंगाला, कुणाला दिसायचा नाय असा. नवं यंत्र आलं म्हणून जुनं भंगारात काढायचं ठरलं, अन् मॅडमनी मला बोलावलं, काय कामाचं निघतं का बघायला. मी खोका उघडला. शोधायला काय लागलं नाय. कुठं हाय ते मला ठाऊक होतं.

सृष्टी: तुम्हाला?

रंगनाथ: मीच लावला होता.

सृष्टी: कधी?

रंगनाथ: तू यायच्या आदल्या वर्षी. कॉलेजात तपासणीला कमिटी यायची होती. आदल्या दिवशी मॅडमनी सगळं मांडून बघितलं तर पडद्यावर नुसती गुणगुण. भिंतीपलीकडं विजेची डीपी, डोक्यावर पंखा, ट्यूबलाइट. समदी वीज त्या तारेत घुसायची. पुन्हा वायरी बांधल्या, पत्र्याची पेटी केली, अर्थिंगला पाणी घातलं. जाता जाईना. मॅडम रडकुंडीला आल्या. मग मी तोंडाशी हा बसवला. गुणगुण गेली. रेघ अशी सरळ, की बघत राहावं.

सृष्टी: जाणारच. तोंडाशीच वाट करून दिलीत. गुणगुणही गेली आणि सिग्नलही गेला.

रंगनाथ: हां. तू लगेच समजलीस.

सृष्टी: माझी सुई चाळीस मेगची होती.

रंगनाथ: चाळीसचीच. मी मोजायचो ना तुझ्या सुया. एक अडतीस, एक एकेचाळीस, बाकी बरोब्बर चाळीस. काच तापवून इतक्या सारख्या सुया ओढणारी दुसरी पोरगी मी बघितली नाय. ते अ‍ॅम्प्लिफायरचं तोंड हजारांच्या मापाचं बनवलेलं असतं, म्हणजे सुईकडून त्यानं काय म्हणून ओढू नये. मी त्याला दहावर आणून ठेवलं. चाळीसच्या सुईला दहाचं तोंड! पेशी बिचारी शंभर देत होती. त्यातले ऐंशी सुईतच खर्ची पडायचे अन् वीस पडद्यावर.

सृष्टी: वीस. रोज वीस. चौदा महिने वीस.

रंगनाथ: तुमच्या ठिबकचंच धर. बारीक नळीतला दाब मोजायचा अन् मोजायच्या काट्यालाच गळती असली, तर काटा काय दाखवणार? पाणी कमी म्हणून दाखवणार. मग आपण विहिरीला नावं ठेवायची. आडात नाय तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात. इथं आड काठोकाठ भरलेला होता गं. पोहऱ्याला भोक मी पाडलं होतं.

सृष्टी: पण मॅडमनी तपासलं होतं. चाचणीच्या डबीतून शंभर मिलिव्होल्ट दिले, पडद्यावर शंभर आले. म्हणूनच त्या म्हणाल्या, यंत्र बरोबर आहे, तुझा हात चुकतोय. सुई जाताना पेशी फाटते, व्होल्टेज गळतं.

रंगनाथ: ती चाचणीची डबी दणकट, पोरी. मागं बॅटरी, जाड तार. दांडग्याला गळतीचं काय वाटतं? त्यानं शंभर दाखवलेच असते. फरक पडतो बारक्याला. म्हणून तर यंत्र जोडताना सोयरीक जुळवल्यागत बघावं लागतं, कोण किती देऊ शकतं अन् समोरचा किती ओढतो. मी बत्तीस वर्षं पोरांना हेच सांगितलं. अन् स्वतःच्या हातानं...

सृष्टी: माझा प्रत्येक कांदा सडका निघायचा. ताजा आणला तरी सडका. बाबांनी स्वतः निवडून दिलेला सुद्धा. मॅडम म्हणायच्या, तुझ्या हातात आला की कांदासुद्धा मरतो.

रंगनाथ: नको आठवूस.

सृष्टी: तुम्ही आठवण काढायलाच आलात ना? कमिटी गेल्यावर तो काढला का नाही?

रंगनाथ: कमिटीसमोर मॅडम म्हणल्या, "आमच्या रंगनाथभाऊंच्या हाताला गुण आहे." सगळे माझ्याकडं बघायला लागले. दहावी नापास माणूस मी, बाहेरगावचे दोन प्रोफेसर माझा हात हातात घेऊन बोलले. मग काढायचा कसा? काढला की गुणगुण परत आणि गुणबी गेला. आज काढू, उद्या काढू. मग विसरलो. खरंच विसरलो, आई शप्पत. तुझे वीस बघूनबी मला आधी सुचलं नाय.

सृष्टी: आधी?

रंगनाथ: दिवाळीच्या अगोदर एकदा तू जिन्यात बसून रडत होतीस. मी आत जाऊन तुझी सुई मोजली. चाळीस. तिथंच मला त्या दहाची आठवण झाली.

सृष्टी: म्हणजे मी तिथे असतानाच तुम्हाला कळलं होतं.

रंगनाथ: कळलं होतं. तो बुधवार होता. ठरवलं, रविवारी लॅब बंद असती, गुपचूप येऊन काढून टाकू. कुणाला बोलायचं नाय. सोमवारी तुला आपोआप शंभर दिसतील. पण शुक्रवारीच...

सृष्टी: शुक्रवारी मला शंभर दिसले.

रंगनाथ: दिसले! मॅडम नाचायच्या बाकी राहिल्या. "आला, हात आला!" म्हणून सगळ्यांना मिसळ खायला घेऊन गेल्या. तुला घास जाईना, तू म्हणलीस तिखट लागतंय.

सृष्टी: तिखट नव्हती ती.

रंगनाथ: अन् मला जे हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणलं, रेझिस्टरनं काय बिघडलेलं नाय, पोरीचा हातच सुधारला. रविवारी गेलोच नाय. तीन वर्षं त्यावर निजलो. चार दिवसांमागं तो हातात आला अन् घरी जाऊन गणित मांडलं. चाळीस अन् दहा. काय केलं तरी वीसच येतात गं. तो तोंडाशी असताना शंभर यायचा रस्ताच नाय. सृष्टी, तुझे शंभर आले कुठून? मी रागवायला विचारत नाय.

सृष्टी: तुम्ही काय रागवणार, काका.

रंगनाथ: तेबी खरं.

सृष्टी: कॉम्प्युटरमध्ये एक चौकट असायची. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो ते तिथे लिहायचं. आपला दहा पट वाढवायचा, म्हणून दहा लिहायचे. मग कॉम्प्युटर दहानं भागून खरा आकडा दाखवायचा. त्या शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी दहा खोडून तीन लिहिले. सदुसष्ट आले. मग दोन लिहिले. शंभर आले. पुस्तकात शंभर होते, म्हणून मी दोनच ठेवले.

रंगनाथ: अगं...

सृष्टी: एकच आकडा बदलला. बाकी सगळं खरं होतं. कांदे खरे, सुया खऱ्या, रोजचे दहा तास खरे. मला वाटलं होतं, कुणीतरी लगेच पकडेल. एक दिवस रागवतील, सुटेन. पण मिसळ मिळाली. मग दोन महिने मी रोज त्या दोनवर काम केलं. ताज्या कांद्याचे शंभर, सडक्याचे साठ, मॅडम आलेख काढायच्या, मी मान हलवायची. मग घरी सांगितलं, नर्सरीत माणूस कमी आहे ना, मी येते. आईनं आनंदानं पुरणपोळी केली.

रंगनाथ: म्हणजे हाताला नावं ठेवली म्हणून नाय गेलीस तू.

सृष्टी: नाही. कौतुक झालं म्हणून गेले.

रंगनाथ: अन् मी तीन वर्षं समजत होतो... पण पोरी, एक बघ. दहाचे दोन केलेस म्हणजे पाच पट. रेझिस्टरनं केला पाचवा हिस्सा. तू पाचनं वाढवलंस. बरोब्बर जागेवर! ते आकडे खोटे नव्हतेच. समर्थचे जुळले ते उगाच नाय. तू खरंच लिहिलंस!

सृष्टी: खरं निघालं, काका. लिहिताना ते खोटंच होतं.

रंगनाथ: पण निघालं ना खरं!

सृष्टी: पुस्तकात तीनशे असते, तर मी तेही आणून दाखवले असते. माझ्याकडे तुमचा रेझिस्टर नव्हता, नुसतं पुस्तक होतं. मला एक सांगा. शुक्रवारी मी ते दोन लिहिले नसते, तर रविवारी तुम्ही तो काढला असता?

रंगनाथ: काढला असता.

सृष्टी: नक्की?

रंगनाथ: बायकोला सांगून ठेवलं होतं, रविवारी डबा लवकर दे म्हणून.

सृष्टी: दोन दिवस.

रंगनाथ: नको गं असं मोजूस. माझंबी ऐक. शुक्रवारी शंभर दिसले तेव्हा मला कळलं होतं, हे होऊ शकत नाय. हे काय मोठं शास्त्र नाय, चौथीचं गणित. मी मुद्दाम केलं नाय ते गणित. तुझ्या खोट्यानं माझी सुटका होत होती, मग मी कशाला खोलात जातोय? तुझं दोन दिवसांनी हुकलं म्हणू नकोस. मी नंतरच्या कुठल्याबी रविवारी जाऊ शकत होतो. तू तिथं आणखी दोन महिने होतीस. आठ-नऊ रविवार होते.

सृष्टी: मॅडमना यातलं काय सांगितलंत?

रंगनाथ: काय नाय.

सृष्टी: आधी माझ्याकडे का आलात?

रंगनाथ: नुकसान तुझं झालं म्हणून.

सृष्टी: काका.

रंगनाथ: ...तू माफ करशील म्हणून. मॅडम करायच्या नाय. रिटायर होताना त्यांनी स्वतःच्या हातानं शाल घातली मला. "यांच्यामुळे लॅब उभी आहे," म्हणल्या. ती शाल मी एकदाबी पांघरली नाय. पण परत द्यायचीबी हिंमत नाय.

सृष्टी: आणि आता काय करायचं ठरवलंय?

रंगनाथ: येताना ठरवलं होतं, तुला सांगायचं, तू बरं म्हणलीस की मॅडमना सांगायचं, मोकळं व्हायचं. पण आता ते कसं जमणार? मी रेझिस्टरचं सांगितलं की मॅडम पहिलं काय विचारतील? तो असताना सृष्टीला शंभर कसे आले? माझं तोंड उघडलं की तू उघडी पडतीस. म्हणून म्हणतो, झाकली मूठ सवा लाखाची. रेझिस्टर निघाला, खोका भंगारात चालला. समर्थचे आकडे खरे, तुझे त्याला जुळलेले. पेपर जाईल. तू परत लॅबला जा. मी हे घेऊन मरेन, मला आता फार दिवस न्यायचंबी नाय.

सृष्टी: आणि मी?

रंगनाथ: तू काय?

सृष्टी: मी एकोणतीस वर्षांची आहे. मी किती दिवस न्यायचं? आणि पेपरात लिहावं लागतं, काका. कुठली सुई, कुठला अ‍ॅम्प्लिफायर, त्याचं तोंड किती मेगचं. ते वाचून कुणीतरी दुसऱ्या गावात तसंच यंत्र मांडेल. त्याच्या यंत्रातही अशीच गळती असली, त्याला वीस आले तर? त्यालाही कुणीतरी जड हाताचा म्हणेल.

रंगनाथ: मग काय करायचं म्हणतीस?

सृष्टी: फोन लावते. स्पीकरवर ठेवते.

रंगनाथ: आत्ता? अगं, थांब की. जेवण होऊ दे. उद्या मी समक्ष जातो, सकाळी.

सृष्टी: उद्या रविवार आहे, काका.

रंगनाथ: ...लाव.

प्रतिभा: हॅलो? सृष्टी! किती वर्षांनी गं! भेटले ना रंगनाथभाऊ? सांगितलं त्यांनी सगळं? मी आत्ता तुझाच आलेख पुढे घेऊन बसलेय. काय सुंदर आलाय! तुझं नाव पहिलं टाकलंय बरं का, आणि नाही म्हणायचं नाही.

सृष्टी: मॅडम, ते नाव काढा.

प्रतिभा: का गं? रागावलीस अजून? मी तेव्हा फार बोलले तुला, मला माहितीये.

सृष्टी: त्यासाठी नाही. अ‍ॅम्प्लिफायर किती पट वाढवतो ते लिहायची चौकट होती ना, तिथे मी दहाऐवजी दोन लिहिले होते. मला वीसच येत होते. मी ते शंभर करून दाखवले. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारपासून शेवटपर्यंतचं सगळं तसंच आहे.

रंगनाथ: मॅडम, मी रंगनाथ. मीबी इथंच हाय. पोरीचा दोष नाय. म्हणजे हाय, पण आधी माझा. कमिटीच्या वेळी गुणगुण घालवायला मी तोंडाशी दहा मेगचा रेझिस्टर बसवला होता. तो काढलाच नाय. तिची सुई चाळीसची, म्हणून वीस यायचे. तिचा हात जड नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. मी बोललो नाय.

प्रतिभा: चाळीस आणि दहा. पाचवा हिस्सा... म्हणजे तिनं दोन लिहिले ते...

सृष्टी: योगायोग होता, मॅडम. मी पुस्तक बघून लिहिले होते.

रंगनाथ: पेपर थांबवायचा तर थांबवा. मी लेखी देतो. शालबी आणून देतो. तिला मात्र बोलू नका काय.

प्रतिभा: मी तिला काय बोलणार, रंगनाथभाऊ?

रंगनाथ: चूक झाली तिच्याकडनं...

प्रतिभा: त्या गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः तिच्या मागे उभी होते. वीस होते. शुक्रवारी सकाळी शंभर. त्याच सुया, तीच मुलगी. सृष्टी, एका रात्रीत असं होत नाही, हे मला त्या सकाळीच कळलं होतं.

सृष्टी: मग तुम्ही विचारलं का नाही, मॅडम?

प्रतिभा: तू खरं सांगितलं असतंस, म्हणून.